वाईच्या घाटावर थोडं थांबा

आज जे सांगणार आहे ते विशेषेकरून शाळाशाळांतल्या गुरुजींसाठी व बाईंसाठी आहे.

दिवाळीची सुट्टी संपली, थंडी पडू लागली, की शाळांतून सहलीचं वारं वाहू लागतं. मुलांनी घरी हट्ट करून पैसे आणलेले असतात. प्रासंगिक कराराची एसटी ठरलेली असते. आणि गुरुजींच्या खिशात एक घडी घातलेला कागद असतो. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळांचा हा कागद बहुतेक सारखाच असायचा. पहाटे पाचला प्रस्थान, मग वाई, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड, आणि मध्यरात्री परत. वाईच्या पुढे कंसात लिहिलेलं असतं, 'चहा, अर्धा तास'. त्या अर्ध्या तासात ढोल्या गणपतीला हात जोडायचे, पोरं मोजायची, आणि चला गाडीत!

मी स्वतः अशा सहली पुष्कळ नेल्या. तेव्हा ही टीका दुसऱ्या कुणावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका वर्षी मात्र असं झालं, की आम्ही वाईला पोचलो आणि कळलं की पसरणीच्या घाटात एक मालमोटार आडवी झाली आहे. रस्ता बंद. केव्हा मोकळा होईल ते कुणी सांगेना. त्रेचाळीस मुलं, दोन शिक्षक, आणि समोर अख्खा रविवार. त्या दिवशी, नाइलाजानं का होईना, मी वाई पहिल्यांदा पाहिली.

तुम्ही पुण्याकडून निघालात तर खंबाटकीचा घाट उतरून थोडं पुढं गेल्यावर सुरूरला उजव्या हाताला वाईचा फाटा लागतो. महामार्गाचा गोंगाट मागं पडतो आणि रस्ता वडांच्या सावलीत शिरतो. जुने वड आहेत हे, म्हणजे जे उरले आहेत ते. रस्ता रुंद करायचा म्हटला की पहिली कुऱ्हाड झाडावर येते, हे तुम्हांआम्हांला नवीन नाही. गाडीतल्या मुलांना इथं गाणी थोडी थांबवून बाहेर बघायला सांगा. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच हळदीची हिरवी पानं, आणि समोर डोंगरांची भिंत. त्यांतला पांडवगड वाईवर पहारा करायला बसल्यासारखा दिसतो.

गाव कृष्णाकाठी आहे. कृष्णा उगम पावते जुन्या महाबळेश्वरला, आणि डोंगर उतरून आल्यावर तिच्या काठचं पहिलं मोठं गाव म्हणजे वाई. पुढं माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते, सांगली आणि नरसोबाची वाडी ओलांडून ती कर्नाटकात जाते, तिथून तेलंगण आणि आंध्रात, आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. नकाशात ही रेघ मुलांनी दहा वेळा काढलेली असते. पण वाईला ती नदी लहान आहे. या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जाते. एवढीशी नदी आणि तिच्या काठाला एवढे घाट, एवढी देवळं, हे बघून मुलं स्वतःच विचारतात, की इथं हे सारं कुणी बांधलं?

पुष्कळसं बांधलं ते रास्त्यांनी. रास्ते हे पेशव्यांचे सावकार आणि सरदार. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई ही याच घराण्यातली, वाईची माहेरवाशीण. काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७ मध्ये आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं, आणि ढोल्या गणपतीचं १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी. १७६२ हे साल फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, आदल्या वर्षी काय झालं होतं? पानिपत. घरोघरी माणसं मेलेली, गोपिकाबाईचा तरणा मुलगा विश्वासराव तिथंच पडलेला, आणि तिच्या माहेरच्या माणसांनी नदीकाठी विघ्नहर्त्याचं एवढं थोरलं देऊळ उभं केलं. यातून काय समजायचं ते ज्याचं त्यानं समजावं. मी मुलांना फक्त दोन सालं शेजारी लिहून दाखवली.

आता या देवळाची एक गंमत, आणि ती पाहायची तर देवळाच्या मागं जावं लागतं. पुढून सगळेच बघतात. मूर्ती चांगली थोरली, अंगानं भरलेली, म्हणून तर नाव ढोल्या. पण मागची भिंत बघा. ती सरळ नाही. मध्ये टोक काढून दोन्हीकडं निमुळती नेली आहे, होडीच्या नाळेसारखी. गावात कुणी तिला मासोळीचा आकार म्हणतात. मी मुलांना म्हटलं, "नांगराचा फाळ मातीत शिरला की माती काय होते?" पोरं शेतकऱ्यांचीच. एकजण लगेच म्हणाला, "दोहीकडं सरते." तसंच इथं. पावसाळ्यात कृष्णा फुगून आली की पाण्याचा लोंढा या टोकावर दुभागतो आणि देवळाला धक्का न लावता दोन अंगांनी निघून जातो. ज्या गवंड्यानं हे योजलं त्याचं नाव कुठं कोरलेलं मला दिसलं नाही. बांधणाऱ्या धन्याचं नाव मात्र पुस्तकात आहे. हेही मुलांना सांगण्यासारखं आहे.

अफझलखानाची गोष्ट मुलांना प्रतापगडावर ऐकायची असते. पण तिचा अर्धा भाग वाईचा आहे. खान विजापूरच्या दरबाराकडून या वाई प्रांताचा सुभेदार होता, हा मुलूख त्याच्या माहितीतला. १६५९ साली तो फौज घेऊन आला तेव्हा त्याचा तळ पडला तो वाईलाच. इथूनच घाट चढून तो जावळीकडं गेला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी संपला. आपण शेवटचा क्षण रंगवून सांगतो. पण एवढी फौज, हत्ती, घोडे, उंट, बाजारबुणगे एका गावाशी येऊन बसले, तर त्या गावच्या धान्याचं, वैरणीचं, पाण्याचं काय झालं असेल, हा प्रश्न शेतकऱ्याच्या पोरांना पटकन कळतो. वाईत माघ-फाल्गुनाच्या सुमारास आळीआळीतून, एकेका घाटावर पाळीपाळीनं, कृष्णाबाईचा उत्सव होतो. खानाचं संकट टळावं म्हणून नदीला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी आख्यायिका गावात सांगतात. नदीला 'बाई' म्हणायचं, तिला घाटावर पाहुणी म्हणून आणून बसवायचं आणि तिच्यासाठी जेवणावळी घालायच्या, ही रीत मला फार गोड वाटते.

वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर. आम्ही चालतच गेलो. हे गाव १७६८ मध्ये नाना फडणिसांना इनाम मिळालं. त्यांनी तिथं नदीकाठी वाडा बांधला, घाट बांधला, विष्णूचं आणि मेणेश्वर महादेवाचं अशी दोन देवळं उभी केली. नाना म्हणजे फडावरचा माणूस. फड म्हणजे हिशेबाची कचेरी. एकोणिसाव्या वर्षी पानिपतावरून जीव घेऊन परत आलेला, आई तिथं गमावलेला, तलवारीपेक्षा लेखणीनं राज्य सांभाळणारा. चौकामागून चौक असलेल्या त्या वाड्यात कागदांचे रुमालच्या रुमाल होते. मेणवली दफ्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेलं ते हेच. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवलं, साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवलं, आणि १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेलं. पोरांना मी म्हटलं, तुमच्या घरी माळ्यावर ट्रंकेत जुने कागद असतील तर वाळवी लागण्याआधी खाली काढा. त्यांतल्या दोघांनी खरोखरच काढले. एकाच्या ट्रंकेत तगाईची पावती निघाली, दुसऱ्याच्या घरी उंदरांनी आधीच निकाल लावला होता.

मेणवलीचा घाट तुम्ही पाहिलेला असेल, निदान पडद्यावर तरी. २००४ सालच्या 'स्वदेस' या हिंदी चित्रपटातलं गाव म्हणजे पुष्कळसं हेच. चित्रपटवाल्यांना तो आवडतो यात नवल नाही. पण मला तुम्हांला दाखवायची आहे ती तिथली घंटा.

मेणेश्वराच्या देवळापुढं एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. आम्ही पोचलो तशी पोरं ती वाजवायला धावली. एक पोरगा मात्र वाजवायचं सोडून तिच्यावर बोट फिरवत उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, हिच्यावर सतराशे सात लिहिलंय. आणि ही बाई कोण? कडेवर मूल आहे. यशोदा का?"

यशोदा नव्हे. ती मेरी, आणि कडेवरचा येशू. ही घंटा पोर्तुगीजांच्या चर्चची. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशी घंटा आहे, भीमाशंकरला आहे, त्यांतलीच ही एक.

पोरानं पुढचा प्रश्न विचारला. "म्हणजे ही आपली नव्हे?"

श्रोते हो, अशा वेळी गुरुजींपुढं दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे "आपण जिंकली, म्हणजे आपली" असं ठणकावून मोकळं व्हायचं. दुसरी म्हणजे "चला, उशीर होतोय" म्हणायचं. मी दोन्ही वाटा पूर्वी चाललेलो आहे. त्या दिवशी उशीर होण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून पायरीवर बसलो आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. पोर्तुगीजांनी वसईच्या मुलखात देवळं पाडली, लोकांवर धर्मासाठी जुलूम केला, हे सांगितलं. मराठ्यांनी जिवावर उदार होऊन वसई घेतली, त्यात हजारो माणसं पडली, हेही सांगितलं. आणि ज्या कोळ्याकुणब्यांच्या घरांतून त्या घंटेच्या आवाजावर माणसं प्रार्थनेला जात असतील, त्यांच्या गावात ती घंटा नंतर वाजली नाही, हेही सांगितलं. आणि शेवटी हे, की मेणवलीकरांनी तिच्यावरची ती आई आणि ते मूल घासून काढलं नाही. इतकी वर्षं महादेवापुढं ती तशीच आहे.

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं घंटा वाजवली, पण जरा हळू.

त्या दिवशीचा कठीण प्रश्न मात्र हा नव्हता. तो अजून यायचा होता.

घाटाच्या पायऱ्यांवर शिदोऱ्या सुटल्या. भाकरी, ठेचा, कुणाकडं गूळपोळी. आमच्या वर्गात एक मुलगी होती, फारशी न बोलणारी. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "गुरुजी, आमच्या पणजीला या पायऱ्यांवर येऊ दिलं असतं का?"

ती कोणत्या वस्तीतली हे मला ठाऊक होतं. वर्गाला ठाऊक होतं. सगळ्यांचे घास थांबले.

मी म्हटलं, "नसतं येऊ दिलं, पोरी. आपल्याकडं बहुतेक पाणवठ्यांवर हीच रीत होती." मग समोरच्या डोंगराकडं बोट दाखवलं. त्या सह्याद्रीच्या पलीकडं, कोकणात उतरलं की महाड. तिथं २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. तळं सार्वजनिक होतं, पाणी सर्वांचं होतं, तरी ते प्यायला सत्याग्रह करावा लागला. पुस्तकातला धडा तिला पाठ होता. पण तळं त्या डोंगराच्या पलीकडंच आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

मग सगळ्यांना घेऊन मी परत वाईत आलो आणि प्राज्ञपाठशाळेच्या दारात उभा राहिलो. रविवार असल्यामुळं आत जाता आलं नाही. बाहेरच्या बाहेर जे सांगितलं ते तुम्हांलाही सांगतो, कारण वाईच्या घाटाचं वर्णन सगळे करतात, या दाराचं कमी करतात.

नारायणशास्त्री मराठे नावाचे एक थोर पंडित वाईला होते, पुढं संन्यास घेऊन ते केवलानंद सरस्वती झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ही पाठशाळा उभी केली. आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन तरुण विनोबा उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला आले ते इथंच. आणि इथंच धुळ्याकडच्या पिंपळनेरचा एक मुलगा शिकायला आला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. या मंडळींनी एक मोठं काम केलं. अस्पृश्यता शास्त्रात सांगितली आहे असं जे म्हणत होते, त्यांच्यापुढं त्यांनी तेच शास्त्र उघडून ठेवलं. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचा अस्पृश्यतेचा लढा चालू होता, तेव्हा धर्मशास्त्राच्या बाजूनं त्यांना साहाय्य करणाऱ्यांत लक्ष्मणशास्त्री होते. १९३३ साली गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी यांचं लग्न पुण्यात झालं. जातीबाहेरचं लग्न, त्या काळी भटजी मिळणं मुश्किल. ते लावलं लक्ष्मणशास्त्र्यांनी. वाईच्या शास्त्र्यानं!

मला वाटलं, आपण चांगलं उत्तर दिलं. ती मुलगी म्हणाली, "पण गुरुजी, शास्त्र तर आधीपासून होतं ना? मग ते नीट वाचायला यांना एवढी वर्षं का लागली?"

मी तिला सांगितलं की याचं उत्तर माझ्याजवळ नाही. आजही नाही.

पुढं हेच लक्ष्मणशास्त्री १९६० साली राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी हाती घेतलं. तेही मुंबई-पुण्यात नव्हे, वाईत बसून. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली. माणूस १९९४ साली गेला, काम चालू राहिलं. आता हा कोश मोबाइलवर फुकट वाचता येतो. गुरुजी, घाटावर बसून 'कृष्णा' ही नोंद मुलांना वाचून दाखवा. जिथं बसून ती छापायला तयार झाली त्याच गावात ती वाचण्याची मौज निराळी.

पाण्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे. वाईच्या वर धोमला धरण आहे, साडेतेरा टीएमसीचं. त्याच्या कालव्यांनी खालच्या शिवारांचं सोनं केलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. धोम गावातला नृसिंह आणि कुंडातल्या कासवावर बसवलेला नंदी तर जरूर बघा. पण धरण झालं की खालची नदी आपल्या मर्जीनं वाहत नाही, दरवाज्याच्या मर्जीनं वाहते. उन्हाळ्यात घाटाजवळ पाणी साचून राहतं, त्यात निर्माल्य, प्लॅस्टिक, गावची घाण. गावातली काही मंडळी आपण होऊन नदी साफ करायला उतरतात, त्यांना मी हात जोडतो. आपल्या मुलांनी शिदोरीचे कागद घाटावर टाकले तर मात्र ते साफ करणारे हात त्या मंडळींचे असतात, आपले नसतात. आमच्या पोरांनीही टाकले होते. मी त्यांना उचलायला लावले, पण वाऱ्यानं उडून पाण्यात गेलेले तसेच गेले.

आणि एक व्यवहाराची सूचना. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, वरच्या पायरीवर एक मोठं माणूस सतत उभं ठेवा. नदी दिसायला उथळ, पण डोह खोल आहेत.

दुपारी चारला घाट मोकळा झाला. तोवर प्रतापगड गाठून परत येणं शक्य नव्हतं. पसरणीपर्यंत मात्र गेलो. शाहीर साबळ्यांचं हे जन्मगाव. त्यांनी गायलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ साली राज्यगीत झालं, पण आमची पोरं त्याच्या पुष्कळ आधीपासून ते म्हणत आली होती. त्या दिवशी पसरणीच्या वेशीत गाडी थांबवून त्यांनी ते म्हटलं, बेसूर, पण मोठ्यानं. मग परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत तक्रार घेऊन आले. प्रतापगडाचे पैसे घेतले आणि प्रतापगड दाखवला नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. मी चूक कबूल केली आणि पुढच्या वर्षीचा कागद त्यांच्या समोरच लिहायला घेतला. प्रतापगड ठेवला. महाबळेश्वर खोडलं. आणि वाईच्या पुढचा 'चहा, अर्धा तास' खोडून तिथं लिहिलं, 'सकाळी सात ते दुपारी एक, भाकरी घाटावर'.